दुखणं धुणारी माती

सोमवार, ९ नोव्हेंबर

पोचलो एकदाच्या, मी आणि आपली इत्तो. हमिद, तू असतास तर घाटातच त्या ड्रायव्हरची कॉलर धरली असतीस. मी भांडले नाही. एवढंच म्हटलं, की भाऊ, वर जायची इतकी घाई असेल तर आम्हाला आधी खाली उतरवा. सगळी बस हसली. इत्तोसुद्धा हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदा.

ऐन तोर्बा म्हणजे एक रस्ता, एक मशीद, एक हमाम आणि मागे उघडेबोडके डोंगर. अंगाला लावायची गासूल माती याच डोंगरांतून निघते. बस आठवड्यातून एकदाच, बाजाराच्या सोमवारी. हमामची मालकीण लल्ला झहोर स्वतः घ्यायला आली होती. उंच बाई, चेहरा इस्त्री केल्यासारखा, एक सुरकुती नाही. तिने पुदिन्याचा चहा आणि गरम मसेम्मन पोळी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, अंग घासताना मेकनेसच्या मिलूदाचा हात कसा चालतो ते इथपर्यंत ऐकू आलंय. मी काय, फुगले.

खोली छान आहे. भट्टीची भिंत पाठीला लागूनच, त्यामुळे हिवाळ्यात शेगडीची कटकट नाही. तुझ्या वहिनीचे टोमणे नाहीत, की विधवा बाई एवढी हसते कशी. इद्दतीचे, शोकाच्या दिवसांतले पांढरे कपडे गाठोड्याच्या तळाशी घातलेत. तू बांधकामावर परगावी जायचास आणि आल्यावर मागचं सगळं वाचून दाखव म्हणायचास, म्हणून ही लिहायची खोड लागली. आता ऐकणारा नाही, पण खोड जात नाही. इत्तो तुझी लोकरी टोपी छातीशी धरून झोपली आहे. म्हणजे रडत रडत झोपली. नऊ वर्षांच्या पोरीला किती रडू येऊ शकतं रे?

बुधवार, ११ नोव्हेंबर

काम सुरू झालं. दगड चांगले, पाणी भरपूर, काळा साबण ताजा. माझ्याबरोबर अंग घासायला ताम्मो म्हणून आहे, दार अडेल इतकी रुंद, बोलायला सरळ. भट्टीवर बा अलाल, म्हातारा, दिवसभर ऑलिव्हच्या बिया आणि भुसा सारत असतो.

एक मात्र खटकलं. माझ्या हाताखाली मेकनेसच्या बायका बोंबलायच्या, अगं हळू, कातडं काढून वाळत घालणार आहेस का, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मलाच मागायच्या. इथे कोणी हूं की चूं करत नाही. आज एका म्हातारीच्या पाठीवर केस्सा, आमचा घासायचा खरखरीत हातमोजा, जरा जोरातच फिरला, रक्ताचा थेंब आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती शेजारणीशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत होती. पाणी तर असं कढत घेतात की मला वाफेनेच चटका बसतो. आणि पोरं! हमामात पोर रडत नाही हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. डोळ्यांत साबण गेला तरी बसून राहतात. ताम्मोला म्हटलं, इथल्या आया काय पाजतात यांना? ती म्हणाली, आमची पोरं शहाणी आहेत. बरं बाई, असतील.

शनिवार, १४ नोव्हेंबर

या गावात एक शब्द सारखा कानावर येतो, बधिर. न्हाऊन निघालेल्या बाईला आपण बिस्सहा म्हणतो, आरोग्य लाभो. हे लोक म्हणतात, बधिर राहा. मला आधी वाटलं माझी चेष्टा चालली आहे.

आपल्याकडे मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो. दात काढणारा हिरडी बधिर करतो. तुझी बातमी आली तेव्हा मी बधिर झाले होते, लोकांचे ओठ हलताना दिसत होते आणि आत काही शिरत नव्हतं. आणि तुझ्या त्या मुकादमाला मी दारात उभी राहून बधिर काळजाचा म्हटलं, ती शिवी होती. इथे यातलं काहीच वाईट नाही. बाळ रात्रभर बधिर झोपतं, केवढं गुणी. सून सासूचं बोलणं बधिर होऊन ऐकून घेते, काय नशीब. कालच फदीला नावाची एक जण नव्या जावयाचं कौतुक सांगत होती, की अगदी बधिर आहे हो, एकदाही डोळ्यांत पाणी नाही. मला हसू आलं. मी एकटीच हसले.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते तुला नीट सांगते.

सफिया म्हणून एक तरुण मुलगी, नुकतीच बाहेरगावाहून लग्न होऊन आलेली. मंगळवारी तिचा नवरा मातीच्या खाणीत दगडाखाली सापडून गेला. आपल्याकडे इद्दत संपेपर्यंत विधवा हमामची पायरी चढत नाही. इथे तिसऱ्या दिवशीच आणतात. चौघींनी धरून आणली होती. गाल ओरबाडलेले, आवाज बसलेला, तरी ओरडतच होती. मला माझे दिवस आठवले.

लल्ला झहोरने आतून तांब्याची वाटी आणली. नेहमीची गासूल तपकिरी असते, ही निळसर राखाडी होती, आणि त्या उकडत्या खोलीतही बर्फासारखी गार. मला म्हणाली, चोळ. मी चोळली. पाणी ओतलं. केस्स्याखालून मळाच्या वळ्या निघाल्या, पण मळ इतका जड नसतो, फरशीवर पडताना आवाज करत होता. मानेपर्यंत आले आणि सफियाचं ओरडणं अर्ध्यात थांबलं. दम लागून नाही. संपलं म्हणून. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, घरी चूल कोण बघतंय? सगळ्या जणी म्हणाल्या, बधिर राहा.

माझ्या बोटांच्या भेगांना साबणामुळे नेहमी आग व्हायची. ती तेव्हापासून थांबली आहे. बरंच वाटलं म्हणायचं.

नंतर लल्ला झहोर मला म्हणाली, तूही घे धुऊन, किती दिवस वागवणार. मी म्हटलं, लल्ला, हे दुखणं माझ्या नवऱ्याचं आहे. त्याचं माझ्याकडे एवढंच उरलंय. ते मी नाही देणार. तिने मान डोलावली, राग नाही, काही नाही.

रविवार, २२ नोव्हेंबर

हमिद, रागावू नकोस.

इत्तो चार घास खात नाही. शाळेतून मास्तरांनी परत पाठवली, ती रडते आणि इथली पोरं तिच्याकडे बघत बसतात म्हणे. रोज एकच प्रश्न. यम्मा, वरून पडताना बाबाला दुखलं का? मी सांगते, नाही गं, कळलंसुद्धा नसेल. ती म्हणते, तुला कसं माहीत? मग दोघी रडतो.

आज दुपारी बायकांची वेळ संपल्यावर तिला खाली हमामात नेलं. लल्ला झहोरने काही न विचारता वाटी दिली. मी माझ्या हातांनी तिला धुतली. बारीकशी पाठ, पाठीच्या कण्याचे मणी मोजता येतील अशी. माती लावताना ती म्हणाली, यम्मा, गार आहे, नको. मी म्हटलं, झालंच.

माझं दुखणं मी ठेवून घेतलं आणि तिचं तिला न विचारता काढून टाकलं. हे मी लिहून ठेवते, म्हणजे तू मला बोलशील तेव्हा मला नाही म्हणता येणार नाही.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

इत्तोने दोन भाकऱ्या खाल्ल्या. रात्रभर हललीसुद्धा नाही. शाळेत गेली, मास्तर खूश. मला इतका आनंद झाला की बा अलालला भट्टीवर वाडगाभर गरम हरीरा प्यायला नेऊन दिला.

फक्त चहाची गरम किटली धरायला तिने तुझी टोपी घेतली. डाग पडले. मी टोपी धुऊन वाळत घातली.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

इत्तोला झोपवून लिहायला बसले आहे.

मी अंगणापलीकडे कपडे पिळत होते. कुसकूस शेगडीवर होता. इत्तोला हाक मारली, की झालं असेल तर उतरव. ती भांडं घेऊन आली. फडकं न घेता. दोन्ही हातांनी लोखंडी कड्या धरून, सगळं अंगण ओलांडून, सावकाश, सांडू नये म्हणून. वास मला आधी आला. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "यम्मा, कुठे ठेवू?"

भांडं मी हिसकलं तेव्हा तिच्या उजव्या तळव्याचं कातडं कडीला राहिलं. ती वाकून बघत होती, कडीला काय चिकटलंय म्हणून. मी किंचाळत होते. आजूबाजूच्या बायका दारात आल्या, बघितलं आणि आत गेल्या.

दवाखान्यातल्या नर्सने पट्टी बांधली. तिने विचारलं, दुखतंय का? इत्तो म्हणाली, नाही. मग झालं, असं म्हणून नर्स पुन्हा विणायला बसली.

शनिवार, २८ नोव्हेंबर

लल्ला झहोरला गाठलं. विचारलं, काय आहे त्या मातीत? तिने काही लपवलं नाही. मला तर वाटतं लपवायला भीती लागते आणि ती तिच्यापाशी नाही.

ती तरणी असताना मोठी खाण कोसळली. गावातले निम्मे पुरुष आत. आवाज येत होते. बायकांनी हातांनी उकरायला घेतलं, नखं गेली, बोटं सोलली, तरी थांबल्या नाहीत. आतली माती निळसर होती. उकरता उकरता बोटं दुखायची थांबली. मग हात. मग आतून येणाऱ्या आवाजांनी काही वाटेनासं झालं. ती म्हणाली, "तेव्हा आम्ही उठलो आणि घरी गेलो. स्वयंपाक राहिला होता."

आतले लोक? मी विचारलं. ते आणखी काही दिवस हाका मारत होते, म्हणाली. चहा घेणार का?

सोमवार, ३० नोव्हेंबर

बस आज आली आणि गेली. मी गेले नाही. फदीलाच्या पुतणीचं लग्न आहे, नवरीच्या न्हाणाला सगळ्या वऱ्हाडणी हमामात, आणि पट्टी कोरडी दिसत होती. म्हटलं पुढच्या सोमवारी काम सोडून, गाठोडं बांधून नीटच निघू. ती माती आता मी हातात धरत नाही, ताम्मोला सांगते.

पण माझी बोटं परत आलेली नाहीत. सुई टोचून पाहिली. मनगटापर्यंत काही नाही.

बुधवार, २ डिसेंबर

पट्टी सोडली. तळवा काळा पडलाय. वास येतोय. मनगटापासून वर एक लाल रेघ, कोपरापर्यंत. अंग तापलंय. मी गाल लावून पाहिलं, हाताला कळत नाही म्हणून.

नर्सकडे धावले. ती म्हणाली मोठ्या इस्पितळात न्यायला हवं, हात काढावा लागेल, नाहीतर पोर जाईल. कांदे महागलेत म्हणावं, तशा सुरात. गाडी? गाडी सोमवारी.

सोमवारपर्यंत इत्तोला जगवायचं आहे. बाकी काही नाही. हमिद, एवढंच.

गुरुवार, ३ डिसेंबर

बा अलालकडे खेचर आणि गाडा आहे. पाया पडले. सांगितलं, पोरगी मरते आहे, हमरस्त्यापर्यंत सोड, पुढे कुणीतरी थांबेल.

त्याने फावडं टेकवलं. "दुखतंय का तिला?"

मी म्हटलं, "नाही."

"मग घाई कसली, पोरी?"

तो खवचट नाही रे. मनापासून विचारत होता. मी दारोदार गेले. मास्तर, फदीला, इमामाचं घर. सगळ्यांनी दार उघडलं, बसायला सांगितलं, एकाच प्रश्नाशी येऊन थांबले. मी रस्त्यात उभी राहून ओरडले. या गावात ओरडणारी मी एकटी आहे. आणि ओरडताना कळलं की खांद्यापर्यंत —

माझे दोन्ही खांदे गेलेत.

शुक्रवार, ४ डिसेंबर

सकाळी तिला पाठीशी बांधून चालत निघाले. ती मानेशी बडबडत होती, यम्मा, मला उतरव, मी चालते. पहिल्या वळणापर्यंत पळतच गेले. रडत होते, देवाची करुणा भाकत होते. दुसऱ्या वळणावर दम घ्यायला टेकले. सुंदर ऊन पडलं होतं. बराच वेळ बसले.

कशासाठी निघाले ते आठवत होतं. विसरले नव्हते. नुसतं टोचत नव्हतं.

मग परतले. दार उघडताना एकदम छातीत कळ आली आणि लक्षात आलं मी काय केलं. भिंतीवर डोकं आपटलं. डोक्याला अजून लागतं. थोडं.

शनिवार, ५ डिसेंबर

मिरची चावली. व्हिनेगरने हात चोळले, चुन्याने चोळले. माती निघत नाही. ती वर नाहीच आता.

ताप फार आहे. इत्तो छताकडे बघते. हाक मारली की उशिराने ओ देते. लाल रेघ काखेत गेली.

भीती वाटते आहे. वाटते आहे, हे बरं आहे. ती टिकली पाहिजे. दर थोड्या वेळाने तुझं प्रेत आठवते मी, मुद्दाम, हमिद, तुझी ती वाकडी मान — चालतं अजून. येतं पाणी डोळ्यांत.

रविवार, ६ डिसेंबर

मान आठवली. नुसती मान.

त्याने काय होणार — पुन्हा आठवली. तुझा आवाज, तू मला मिलो म्हणायचास —

इत्तो मरेल. इत्तो मरेल. लिहिते आहे म्हणजे कळेल. माझी मुलगी मरेल. आधी हे वाक्य लिहिता येत नव्हतं. आता येतंय. देवा, आता येतंय —

उद्या बस. काही वाटलं नाही तरी बसमध्ये चढायचं. मिलूदा, वाचते आहेस ना? वाटण्याची वाट बघू नकोस. चढ.

सोमवार, ७ डिसेंबर

बाजार भरला आहे. स्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसले आहे, इत्तो मांडीवर. गाठोडं बांधून आणलं. कालचं पान वाचलं. फार घाईघाईचं अक्षर आहे.

बस लागली. कंडक्टर येऊन म्हणाला, बाई, येताय ना, पोरीचं काही बरं दिसत नाही. मी म्हटलं, दुखत नाहीये तिला. तो थोडा थांबला. मग हॉर्न वाजला.

चहा बरा आहे. साखर जरा कमी.

बस गेली. पुढचा सोमवार आहेच. ताम्मो येऊन सांगून गेली, गिऱ्हाइकं खोळंबलीत.

शेजारी बाहेरगावची एक बाई संत्री विकते. तिने सहज इत्तोच्या कपाळाला हात लावला आणि हात मागे ओढला. अगं ही गार आहे, म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे ताप उतरला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग रडायलाच लागली. तोंडावर मारून घेते आहे, संत्री सगळी रस्त्यावर घरंगळली. कोण कुठली बाई, आमची ना ओळख ना पाळख, आणि इतकं. लोक बघताहेत. किती त्रास होत असेल बिचारीला. हिला खाली घेऊन जावं. लल्ला झहोरकडे वाटी मागते, माझ्याच हाताने चोळते, मानेपर्यंत आलं की संपेल.